मुलीच्या दंडावर दगडासारखी गाठ, एफएनएसीत 'स्मॉल राउंड सेल' आलंय, पुढे काय करायचं?

कर्वेनगरची_मुक्ता | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. इथे एरवी मी फक्त पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्याच कारणासाठी आलेय. लेक ७ वर्षांची, दुसरीत. दिवाळीत अभ्यंगाला तेल लावताना डाव्या दंडावर हाताला काहीतरी लागलं, तुरीच्या दाण्याएवढं, पण टणक. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले बीसीजीच्या जवळच आहे, चरबीची गाठ असेल, बघू. आम्हीही बघू म्हटलं आणि बघतच राहिलो. आता ती शेंगदाण्याहून मोठी झालीये, वरची कातडी जराशी निळसर दिसते, दुखत नाही, शाळेत बाकाला घासलं तरच चुणचुणतं म्हणते. गेल्या आठवड्यात एका लॅबमधे सुई टाकून तपासणी (एफएनएसी) केली, त्यात लिहिलंय की लहान गोल पेशींचा ट्यूमर नाकारता येत नाही, बायप्सी करावी. बास. एवढं एक वाक्य. मी ते गूगलला टाकलं आणि तेव्हापासून झोप नाही, नवरा वरून शांत आहे पण रात्री दोनला गॅलरीत उभा असतो. सासूबाई म्हणतात चुना-गूळ लाव, बसेल. बायप्सी करायची का आधी एमआरआय? मुलांच्या सर्जनकडे जायचं की कॅन्सरच्या? कोणी यातून गेलंय का?

चाफेकळी | सोमवार, रात्री ११:५९

मुक्ता, आधी गूगल बंद कर. खरंच. माझ्या भाच्याच्या मानेतल्या अवधाणावर मी एका रात्रीत अकरा आजार काढले होते, निघालं दाढेचं इन्फेक्शन. तुझं तेच असेल असं म्हणत नाहीये, पण रात्री १२ वाजता काही ठरवू नकोस. चुना-गूळ मात्र नको हं, कातडी भाजते आणि मग डॉक्टरला मूळ काय होतं तेच कळत नाही.

आप्पा_नारायणपेठ | मंगळवार, सकाळी ६:१०

आमच्या काळी अंगावर दहा गाठी असायच्या, कोणी सुया टोचत बसलं नाही. गाठीला लोखंड लागलं की ती चवताळते, हे आमच्या आजोबांपासून ऐकत आलोय. मुलीला सहा महिने चांगल्या वैद्याचं औषध द्या. पटलं तर घ्या.

स्लाइडवाला | मंगळवार, सकाळी ८:३५

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, पुण्यातच. धाग्यावरून निदान करणार नाही, करूही नये, पण काही विचारतो. १) गाठ कातडीला चिकटलेली आहे की कातडी तिच्यावरून सरकते? २) खालच्या स्नायूवर ती हलते का? ३) कडा गुळगुळीत आहेत की खड्यासारख्या कोनाकोनाच्या? ४) एका कडेला बोट दाबलं तर दुसरी कड वर उचलली जाते का? ५) सोनोग्राफी झाली का? सुई आधी आणि सोनोग्राफी नंतर असा उलटा प्रवास फार होतो हल्ली.

आणि एफएनएसीबद्दल. सुईनं येतात त्या सुट्या पेशी. म्हणजे भिंत पाडून विटा बघायच्या आणि घर कोणाचं ते ओळखायचं. मुलांच्या मऊ ऊतींच्या गाठींमधे पेशींची मांडणी फार महत्त्वाची असते आणि नेमकी तीच सुईत हरवते. 'नाकारता येत नाही' याचा अर्थ 'आहे' असा नाही. लिहिणाऱ्यानं प्रामाणिकपणे हात वर केलेत आणि पुढचा रस्ता सांगितलाय.

वारजेकर | मंगळवार, दुपारी १:२०

मुक्ताताई, मी सहसा लिहीत नाही, पण आप्पांचं वाचून राहवलं नाही.

माझा मुलगा आता ९ वर्षांचा. तो ३ वर्षांचा असताना खांद्याच्या फऱ्याजवळ एक डाग दिसला, दहाच्या नाण्याएवढा, निळसर-तांबूस, आणि गंमत म्हणजे उंचवटा नाही, उलट तिथली कातडी जराशी खोल, पातळ वाटायची. सगळे म्हणाले जन्मखूण. बायको म्हणायची अहो जन्मताना नव्हती, मी तिला म्हणायचो तुझ्या लक्षात नसेल. (हे वाक्य मला आजही टोचतं.) दोन वर्षांनी त्यात एक टणक दाणा आला. त्वचेच्या एका डॉक्टरांनी केलॉइड, म्हणजे वाढलेला वण, म्हणून इंजेक्शनं दिली, तीन वेळा. नंतर एका छोट्या नर्सिंग होममधे सर्जननी भूल देऊन दाणा काढला. मी विचारलं तपासायला पाठवायचं का, तर म्हणाले साधी गाठ आहे, उगाच खर्च कशाला. मलाही बरंच वाटलं खरं सांगायचं तर, खर्च वाचला म्हणून नव्हे, पाठवलं नाही म्हणजे काळजीचं नाही असं मनानं परस्पर ठरवून टाकलं. तो तुकडा बादलीत गेला.

वर्षभरात टाक्यांच्या रेषेच्या कडेला दोन नवे दाणे. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी कातडीचा छोटा तुकडा (पंच) घेतला, रिपोर्ट डर्मॅटोफायब्रोमा, म्हणजे निरुपद्रवी. नशीब असं की तिथल्या पॅथॉलॉजिस्टबाईंनी फोन करून सांगितलं, तुकडा वरवरचा आहे, खालची चरबी आलेलीच नाही, कातडीची गाठ चरबीत कशी घुसते ते मला बघायचंय, खोल तुकडा पाठवा. पाठवला. त्यात सीडी३४ नावाची रंगचाचणी सगळीकडे पॉझिटिव्ह आली, मग फिश म्हणून जनुकांची टेस्ट, १७ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल. नाव निघालं डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्यूबरन्स, डीएफएसपी, कातडीचा एक कॅन्सर. तीन वर्षं आम्ही जन्मखूण म्हणत होतो ती.

मोठं ऑपरेशन झालं, डागाच्या चहूबाजूंनी २ ते ३ सेंटीमीटर आणि खाली स्नायूवरच्या पडद्यापर्यंत. मांडीची कातडी लावली. आता ठीक आहे, दर सहा महिन्यांनी तपासणी. पण पहिला तुकडा असता तर तेव्हाच कळलं असतं आणि कापावं लागलं असतं त्याहून कमी. तेव्हा आप्पा, लोखंड लागल्यानं काही चवताळलं नाही. लोखंड लावून जे निघालं ते फेकलं, त्यानं घात केला.

स्लाइडवाला | मंगळवार, दुपारी २:०५

वारजेकर, लिहिलंत ते बरं केलंत. डीएफएसपी मुलांमधे फसवतो तो याचमुळे, मोठ्यांमधे उंच गाठी दिसतात आणि लहानांमधे बऱ्याचदा चपटा किंवा आत गेलेला डाग, म्हणून कोणी रक्तवाहिन्यांचा डाग म्हणतं, कोणी केलॉइड, कोणी मॉर्फिया, म्हणजे कातडी कडक होण्याचा आजार. लांब पसरायची सवय त्याला फारशी नाही, पण मुळं बाजूला दूर जातात, डोळ्याला कड दिसते त्याच्याही पलीकडे, म्हणून नुसता दाणा काढला की परत येतो. मायक्रोस्कोपखाली पेशी चटईच्या विणीसारख्या दिसतात. तसा तो जुना आजार आहे, १९२४ मधे डारिए आणि फेरां यांनी वर्णन केलंय, पण गुणसूत्रांची ती अदलाबदल आपल्याला नव्वदीत कळली, आणि त्यामुळेच इमॅटिनिब हे ब्लड कॅन्सरमधलं औषध याला लागू पडतं. जिथे कापणं अवघड तिथे ते वापरतात.

कर्वेनगरची_मुक्ता | मंगळवार, रात्री ९:१५

वारजेकरदादा, वाचून पोटात गोळा आला, पण धन्यवाद. स्लाइडवाला सर, तुमचे प्रश्न घेऊन लेकीला मांडीवर घेतलं. गाठ कातडीला चिकटलेली आहे, कातडीसकट हलते, खाली मात्र मोकळी आहे असं वाटतं. कडा कोनाकोनाच्याच आहेत, ती स्वतः त्याला 'माझा खडा' म्हणते. एका कडेला दाबलं तर दुसरी वर येते, हो, बागेतल्या सी-सॉसारखी! तिला तो खेळच वाटला, आजीला दाखवायला पळाली. सोनोग्राफी केलेली नाही. हे चांगलं लक्षण आहे का? प्लीज हो म्हणा.

स्लाइडवाला | मंगळवार, रात्री १०:४०

हो म्हणणार नाही, ते माझं काम नाही :) पण ऐका. मुलांमधे पायलोमॅट्रिकोमा नावाची एक गाठ असते, केसाच्या मुळाशी जो कारखाना असतो तिथल्या पेशींची. डोकं, चेहरा, मान, दंड या तिच्या आवडत्या जागा. आत कॅल्शियम साठतं म्हणून दगडासारखी लागते, वर कधी निळसर झाक. कातडी ताणली की तंबूच्या काठीसारखे कोन दिसतात, आणि तुमचा तो सी-सॉ. १८८० मधे मालेर्ब नावाच्या फ्रेंच माणसानं वर्णन केली, तेव्हा तेलाच्या ग्रंथीची समजत. निरुपद्रवी असते, पण आपोआप जात नाही, काढावी लागते.

आणि एफएनएसीत ही गाठ कुप्रसिद्ध आहे. तिच्यात दोन जातीच्या पेशी असतात, एक तरुण, गडद, लहान, दाटीवाटीच्या, आणि दुसऱ्या मेलेल्या, ज्यांचं केंद्रक गेलंय आणि नुसती खोळ उरलीय, सापाच्या कातीसारखी. त्यांना घोस्ट सेल म्हणतात. सुईत पहिल्याच जास्त आल्या आणि दुसऱ्या नजरेतून सुटल्या की कोणीही स्मॉल राउंड सेल लिहील. मीही लिहिलं असतं.

पण, आणि हा पण ठळक समजा, हीच लक्षणं बघून 'मग राहू दे' म्हणू नका. सार्कोमा, म्हणजे मऊ ऊतींमधला कॅन्सर, तोही सुरुवातीला लहान, न दुखणारा असू शकतो. मुलांच्या सर्जनकडे जा, हाय फ्रिक्वेन्सी प्रोबनं सोनोग्राफी करा, गाठ कातडीत आहे की खाली ते त्यात दिसतं, कॅल्शियम दिसतं. ती खोल निघाली, स्नायूच्या पडद्याखाली गेली असली, ५ सेंटीमीटरच्या पुढे असली, आठवड्या-आठवड्याला वाढत असली, किंवा काढून परत आलेली असली, तर आधी कॉन्ट्रास्ट एमआरआय आणि मग बायप्सी, आणि तीही जो पुढे मोठं ऑपरेशन करणार त्याच्याच सल्ल्यानं. हातापायावर असेल तर छेद लांबीच्या दिशेनं घेतात, आडवा नाही, कारण नंतर तो बायप्सीचा मार्गही गाठीबरोबर काढावा लागतो आणि आडवा छेद असला की जास्त हात जातो.

आप्पा_नारायणपेठ | बुधवार, सकाळी ६:२०

म्हणजे बायप्सीच्या मार्गानं पसरतं हे तुम्हीच कबूल करताय. मी काय वेगळं म्हणत होतो?

स्लाइडवाला | बुधवार, सकाळी ९:०२

आप्पा, तुमचा मुद्दा अगदीच हवेतला नाही, म्हणून उत्तर देतो. चुकीच्या जागी, चुकीच्या दिशेनं छेद घेतला तर त्या वाटेवर पेशी राहू शकतात, म्हणूनच ती वाट आखून घेतात आणि नंतर काढून टाकतात. पण बायप्सीच केली नाही तर गाठ काही उपोषण करून बसत नाही, ती तिच्या वेगानं वाढतेच, फक्त आपल्याला नाव माहीत नसतं. आपल्याकडची एक गंमत सांगतो, गंमत कसली. मनगट-बोटांवर एपिथेलॉइड सार्कोमा नावाची गाठ होते, तरुण मुलांत. मायक्रोस्कोपखाली ती ग्रॅन्युलोमासारखी, म्हणजे दाहामुळे जमलेल्या पेशींच्या पुंजक्यासारखी दिसते, आणि आपल्या देशात ग्रॅन्युलोमा दिसला की पहिला शब्द टीबी. मग टीबीच्या गोळ्या सुरू, आणि गाठ वाढतेच आहे. आयएनआय१ नावाच्या प्रथिनाची रंगचाचणी करून बघितली की उलगडतं, त्या पेशींमधे ते प्रथिन गायब असतं. म्हणून क्षयाच्या औषधानं न बसणारी, जखम होऊन न भरणारी हातावरची गाठ असेल तर परत तुकडा घ्या. वैद्यांचं औषध सहा महिने हे त्यातलंच झालं.

आप्पा_नारायणपेठ | बुधवार, सकाळी ९:३०

बरं. माझ्या मनगटावर एक आहे, चार वर्षं. दाखवून घेतो.

चाफेकळी | बुधवार, सकाळी ९:३१

आप्पा!!! चार वर्षं??

नवीआई_धायरी | बुधवार, दुपारी ३:४५

धाग्यात घुसतेय, सॉरी. माझं बाळ ४ महिन्यांचं, मांडीवर लाल फुगवटा आहे, वाढतोय. डॉक्टर म्हणाले हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांची गाठ, पाच-सात वर्षांत आपोआप जाईल, काळजी करू नका. आता वरचं सगळं वाचून भीती वाटायला लागली.

स्लाइडवाला | बुधवार, सायंकाळी ६:१०

घाबरू नका, बाळांमधे बहुतेक वेळा तोच असतो. पण त्याची एक चाल असते, ती जुळते का बघा. जन्मताना नसतो, किंवा नुसता फिकट डाग असतो, पहिल्या काही आठवड्यांत उगवतो, पहिले पाच-सहा महिने भराभर वाढतो, मग थांबतो आणि हळूहळू वर्षानुवर्षं ओसरतो. जन्मतःच पूर्ण वाढलेली गाठ, किंवा दगडासारखी टणक, किंवा वर्षानंतरही वाढतच राहिलेली, ही त्या चालीत बसत नाही. इन्फंटाइल फायब्रोसार्कोमा, बाळांमधला एक कॅन्सर, अगदी हिमँजिओमाचं सोंग घेऊन येतो. त्यात ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ ही दोन जनुकं जोडली गेलेली असतात, आणि २०१८ पासून त्यावर नेमकं लागू पडणारं लारोट्रेक्टिनिब अमेरिकेत मंजूर आहे, म्हणजे नाव बरोबर कळण्यानं केवढा फरक पडतो बघा.

डॉपलर सोनोग्राफी करून घ्या, तिच्यात रक्तप्रवाह दिसतो. आणि गाठ अचानक जांभळी, ताठ झाली, अंगावर निळे डाग उठले तर त्याच दिवशी हॉस्पिटल, प्लेटलेट खाली गेलेल्या असू शकतात.

वारजेकर | बुधवार, रात्री ९:५०

मुक्ताताईंसाठी व्यवहाराचं लिहितो, हे कोणी सांगत नाही. ऑपरेशनच्या आधीच सर्जनना विचारा, तुकडा फॉर्मॅलिनमधे (तो टिकवणाऱ्या द्रवात) जाणार ना आणि कुठे जाणार. आम्हाला दुसऱ्या वेळी आतून बाटली हातात दिली आणि म्हणाले लॅबला नेऊन द्या, बाटलीवर नाव नव्हतं, ते मी स्केचपेननं लिहिलं. पार्किंगमधे. असं होऊ देऊ नका. रिपोर्टबरोबर स्लाइड आणि मेणाचा ठोकळा, त्याला ब्लॉक म्हणतात, ते मागून घेता येतात, सही करून देतात. आम्ही ते घेऊन सव्वासातच्या डेक्कन क्वीननं दादर, तिथून लोकलनं परळ, टाटा मेमोरियलला रिव्ह्यू करून घेतला, मुलाला न्यावं लागलं नाही पहिल्या खेपेला. अख्खा दिवस हातात ठेवा आणि डबा न्या. ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेण आहे ते. रेशनकार्ड असेल तर हॉस्पिटलमधे महात्मा फुले योजनेच्या आरोग्यमित्राला आधीच गाठा, दाखल झाल्यावर धावपळ होते.

स्लाइडवाला | बुधवार, रात्री १०:१५

यात भर: फॉर्मॅलिन तुकड्याच्या साधारण दहापट हवं, लोणच्याच्या बरणीसारखं ठासून भरायचं नाही. सलाइनमधे तर अजिबात नाही. आणि एफएनएसीच्या जुन्या काचाही मागून ठेवा, त्या परत बघता येतात.

कर्वेनगरची_मुक्ता | शनिवार, रात्री ८:३०

सोनोग्राफी झाली. गाठ १४ मिलिमीटर, कातडीत आणि तिच्या लगेच खाली, कडा स्वच्छ, आत कॅल्शियमचे ठिपके आणि मागे सावली. स्नायू मोकळे. मुलांच्या सर्जननी अगदी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मी धाग्यातले प्रश्न वहीत लिहून नेले होते, त्यांनी वही मागून घेऊन वाचली आणि हसले. म्हणाले एमआरआयची गरज दिसत नाही, पूर्ण गाठच काढू, बायप्सी आणि इलाज एकदम. बुधवारी ठरलंय. मी अजून घाबरलेलीच आहे, पण झोपतेय.

नवीआई_धायरी | रविवार, सकाळी ११:००

बाळाचं डॉपलर झालं, हिमँजिओमाच म्हणाले. डिलिव्हरीनंतरचे फोटो झूम करून बघितले, तेव्हा नुसता पांढुरका ठिपका होता. डायपरच्या कडेला येतो आणि जखम होईल म्हणून प्रोप्रॅनोलॉल सुरू करणार आहेत, आधी हृदयाची तपासणी केली. पाजल्याशिवाय डोस द्यायचा नाही, साखर उतरते, हे तीनदा बजावलंय.

कर्वेनगरची_मुक्ता | ऑपरेशननंतरचा मंगळवार, सायंकाळी ५:४०

रिपोर्ट आला!!! पायलोमॅट्रिकोमा. जसाच्या तसा टाइप करतेय मराठीत: केंद्रक नसलेल्या घोस्ट सेलचे पुंजके, कडेला बेसलॉइड (म्हणजे त्या तरुण, गडद) पेशी, कॅल्शियम साठलेलं, कडा मोकळ्या, घातकपणाची लक्षणं नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा भुतं दिसली म्हणून रडले आनंदानं. एफएनएसीच्या काचाही नेल्या होत्या, त्या लॅबमधल्या डॉक्टरांनी परत बघितल्या, म्हणाल्या एका काचेच्या अगदी कडेला चार-पाच घोस्ट सेल आहेत, दाटीत दबलेल्या. मी चिडणार होते पण चिडले नाही, त्यांनी बायप्सी करा लिहिलं होतं म्हणून तर इथवर आलो.

लेक विचारत होती माझा खडा कुठेय. मेणाच्या ठोकळ्यात आहे म्हटलं तर शाळेत न्यायचाय म्हणते.

स्लाइडवाला | मंगळवार, सायंकाळी ६:०५

उत्तम. बहुतेकदा एकच असते आणि परत येत नाही. पुढे अंगावर आणखी अशाच गाठी दिसल्या तर मात्र सांगा डॉक्टरांना, अनेक असल्या तर कधी कधी त्यामागे अनुवंशिक आजार असतो, तो शोधतात. ठोकळा शाळेत पाठवू नका :)

आप्पा_नारायणपेठ | मंगळवार, सायंकाळी ७:१५

मुलीचं ऐकून बरं वाटलं. माझं मनगटाचं दाखवलं. गँगलियन आहे म्हणाले, सांध्याचं पाणी. तरी सोनोग्राफी करून घेतली, पोरांनी डोकं खाल्लं.

वारजेकर | मंगळवार, रात्री ९:४०

मुक्ताताई, पेढे पाहिजेत. मुलाचा पुढचा एमआरआय १२ तारखेला आहे, या वेळी भुलीशिवाय जमेल म्हणतोय, पाऊण तास हलणार नाही अशी पैज लावलीये माझ्याशी. मशीनचा आवाज आधी मोबाइलवर ऐकवून ठेवलाय.

कर्वेनगरची_मुक्ता | मंगळवार, रात्री ९:५५

पेढे नक्की. दादा, पैज लावा पण भुलीचा डॉक्टर सांगून ठेवा आणि १२ ला त्याला सकाळपासून उपाशी ठेवायचं की नाही ते फोन करून विचारा, ऐनवेळी हलला तर भूल द्यावी लागेल आणि दूध प्यायलेला असेल तर तारीख जाईल. मी ११ ला रात्री इथे आठवण करते.